६१ मार्कांच्या पेपरात काय होतं?

पत्र असं: इंदूरहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी सोळा वर्षांची, एकुलती एक, दहावीला ९५ टक्के. अकरावीला सायन्स, सोबत भंवरकुआँच्या बाजूला जेईईचं कोचिंग. तिथे दर दुसऱ्या रविवारी ३०० मार्कांची टेस्ट होते आणि रँकलिस्ट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. पहिल्या टेस्टला १२८ आले, मग ९६, मग ६१. चौथ्या टेस्टच्या सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि ती गेलीच नाही. आता पुस्तक उघडं असतं आणि त्यात मोबाइल. विचारलं तर "होईल गं, जमवते मी", नाहीतर "मला नाही येत हे". सर म्हणाले, "बच्ची होशियार है, बस मेहनत नहीं करती." बाबांच्या मते फोन काढून घेतला की गाडी रुळावर येईल. रागाच्या भरात ते एकदा फीचा आकडाही बोलून गेले. आजी म्हणते, "तुझे बाबा गणितात कायम पहिले."

आई लिहिते: "आम्ही तिला कधी मारलं नाही, दबाव टाकला नाही. लहानपणापासून तू हुशार आहेस हेच सांगत आलो, आजही सांगते. निकाल आला की तिच्यासमोर एक शब्द काढत नाही, आत जाऊन रडते. ६१ आले त्या रविवारी सानंद संस्थेच्या नाटकाची तिकिटं होती, पण कुणाचाच मूड नव्हता, गेलो नाही. वेळ वाचावा म्हणून तबल्याचा क्लास बंद केला. कॉलनीच्या गणपतीत ती दर वर्षी वाजवते, यंदा मंडळाला मीच नाही म्हणून कळवलं. तिचा आत्मविश्वास परत कसा आणू?"

ताई,

तुम्ही मार्क लिहिलेत, पण पेपर बघितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तो बहुधा तिच्या बॅगेच्या तळाशी किंवा कोचिंगच्या अ‍ॅपमध्ये तसाच पडून असेल. आत्मविश्वासाकडे मी येतेच, पण वाट त्या पेपरवरून जाते, म्हणून आधी थोडा हिशेब.

टेस्ट जेईई मेनच्या धर्तीवरची धरू: ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला वजा १, सोडलेल्याला शून्य. एका मुलीने ६४ प्रश्न सोडवले, २५ बरोबर आले, ३९ चुकले. १०० वजा ३९, झाले ६१. दुसरीने फक्त १९ प्रश्नांना हात लावला, १६ बरोबर, ३ चूक. ६४ वजा ३, झाले ६१. रँकलिस्टमध्ये या दोघी शेजारीशेजारी बसतात आणि पालकांच्या ग्रुपवर दोघींबद्दल एकच कुजबुज होते. पण पहिली घाबरून ठोकत सुटली आहे. अंदाजपंचे मारलेले ३० प्रश्न तिने नुसते सोडले असते तरी ९१ झाले असते. दुसरीला जे येतं ते पक्कं येतं, फक्त ५६ प्रश्न कोरे राहिले. वेग कमी पडला असेल, धडे राहिले असतील, किंवा प्रश्न वाचायच्या आधीच "हे माझं नाही" असं ठरलं असेल. पहिलीला प्रश्न सोडायला शिकवायचं आहे, दुसरीला धरायला. तुमची मुलगी यातली कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही, सरांनी सांगितलेलं नाही, आणि मला वाटतं तिलाही ठाऊक नाही.

आता १२८ वरून ६१. ही घसरण तिची एकटीची समजू नका. पहिल्या टेस्टच्या अभ्यासक्रमात बहुधा दहावीचा बराच भाग असतो, पुढच्या टेस्टमध्ये अकरावी सुरू होते. अकरावीच्या फिजिक्सला सुरुवातीच्या गतीच्या धड्यांपासूनच कलन (कॅल्क्युलस) लागतं, आणि एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकात लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह येतात पार शेवटाकडे. कोचिंगमध्ये हे एकदोन तासांत उरकून पुढे जातात. ज्याला त्या दोन तासांत कळलं नाही त्याला वाटतं, आपल्याला फिजिक्सच येत नाही. खरं तर त्याला इतकंच हवं असतं: घातांकाचा नियम, साइन-कोसाइनचं डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन, व्हेक्टरचे घटक पाडणं. रोज पाऊण तास दिला तर आठवडाभराचं काम. कुणी तरी हे तपासून घ्या. अकरावीत कोसळलेल्या मुलांमध्ये ही फट फार वेळा सापडते.

दुसरी गोष्ट वर्गाची. शाळेत ती पहिल्या तिघांत असणार. कोचिंगच्या बॅचमध्ये सगळेच आपापल्या शाळेतले पहिल्या तिघांतले. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे नीट मांडलं: तेवढीच कुवत असलेलं मूल हुशारांच्या वर्गात बसवलं की त्याचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं, कारण ते स्वतःला आजूबाजूच्यांवरून मोजतं. म्हणजे "मला नाही येत" या वाक्यात काही भाग बॅचचा आहे. हे तिला सांगण्यासारखं आहे, अगदी याच शब्दांत.

आता "मेहनत नहीं करती"कडे येऊ, कारण तुम्ही सगळे त्या वाक्यापाशी अडकलेले दिसता. सर ते बहुधा दिलासा म्हणून बोलले. तुम्हालाही ते ऐकून बरं वाटलं असेल, कारण मुलगी हुशार तर आहे, फक्त आळस आहे, तो काढता येईल. पण हेच वाक्य मुलीच्या बाजूने ऐका. तिच्यापाशी दोन रस्ते आहेत. जीव तोडून अभ्यास केला आणि तरी ६१ आले, तर ती हुशार नाही हे सिद्ध झालं. अभ्यास केला नाही आणि ६१ आले, तर "केला असता तर आले असते" ही पळवाट शिल्लक. सोळा वर्षं घरात ज्या एका शब्दावर तिची ओळख उभी आहे तो शब्द वाचवायचा असेल, तर न करणं हाच शहाणपणाचा सौदा. पुस्तकातला मोबाइल, टेस्टच्या सकाळचं पोट, "जमवते मी" या सगळ्यांचं काम एकच आहे. अपयशाचं कारण आधीच तयार ठेवायचं, म्हणजे ते बुद्धीवर येत नाही. बर्गलास आणि जोन्स या अभ्यासकांनी १९७८ मध्ये या वागण्याचा प्रयोग करून अभ्यास केला होता. माणूस स्वतःच्या पायात स्वतःच खोडा घालतो, आणि बहुतेक वेळा ते त्यालाही कळत नाही. पोटदुखीही खरी असते बरं का, सोंग नव्हे. ताणाने पोट दुखतंच.

म्हणून आळसावरचे उपाय इथे उलटे पडतात. फीचा आकडा ऐकवला की हरण्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की ती आणखी लांब पळते. "शंभरच्या वर आण, मग नवा फोन" हेही तसंच. मार्क तिच्या हातात पूर्णपणे नाहीत आणि रँक तर मुळीच नाही, ती इतरांच्या पेपरवर ठरते.

तुम्ही लिहिता की आम्ही कधी दबाव टाकला नाही, कौतुकच केलं. माझा प्रश्न कौतुक कमी की जास्त असा नाही, ते कशाचं केलं असा आहे. म्यूलर आणि ड्वेक या दोघींनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मुलांना आधी झेपतील अशी कोडी दिली. नंतर काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस", काहींना म्हटलं, "तू खूप प्रयत्न केलास". मग मुद्दाम खूप कठीण कोडी दिली, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी. "हुशार" ऐकलेल्या मुलांना त्या शेवटच्या सोप्या कोड्यांतही सुरुवातीपेक्षा कमी जमलं. प्रयत्नाचं कौतुक झालेल्यांना जास्त जमलं. आणि आपले मार्क दुसऱ्या अनोळखी मुलांना लिहून कळवायला सांगितले, तेव्हा "हुशार" गटातल्या दहातल्या जवळजवळ चार मुलांनी ते वाढवून लिहिले. एका वाक्याच्या कौतुकानंतर. तुमच्या घरात ते वाक्य सोळा वर्षं चाललं आहे.

आता घाईघाईने "तू किती मेहनती आहेस" सुरू करू नका. हा मंत्र नाही. बुद्धी प्रयत्नाने वाढते, या विचाराचा इतका गाजावाजा झाला की शाळांच्या भिंतींवर पोस्टर लागली, पण २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठी चाचणी झाली तेव्हा मार्कांत फायदा दिसला तो मागे पडलेल्या मुलांत, आणि तोही थोडा. शिवाय सोळा वर्षांच्या मुलीला नवी भाषा लगेच कळते. मेहनत केलेली नसताना मेहनतीचं कौतुक झालं की तिला वाटतं, आई आता समजूत घालते आहे, म्हणजे प्रकरण खरंच हाताबाहेर गेलं. कौतुकाऐवजी चौकशी करा, आणि तीही खरी. "हा प्रश्न तुला कसा सुटला?" "इथे अडकल्यावर काय करून पाहिलंस?" तुम्हाला फिजिक्स येत नसेल तर उत्तमच. मग ती समजावून सांगेल, आणि समजावताना कुठे गाडी थांबते ते तिचं तिला दिसेल.

पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. "तिच्यासमोर एक शब्द काढत नाही, आत जाऊन रडते."

तुम्हाला वाटतं, आपण तिला त्रास होऊ दिला नाही. पण तीन खोल्यांच्या घरात कोण आत गेलं, किती वेळाने बाहेर आलं, नळ किती वेळ चालू होता, हे मुलांना कळतं. नाटक रद्द झालं ते तर उघडच. हायमोविट्झ आणि ड्वेक यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बुद्धी वाढते की जन्मतः ठरलेली असते, याबद्दल आईवडिलांचं मत काय आहे हे मुलांना फारसं ठाऊक नव्हतं. मात्र आईवडील अपयशाकडे कसं बघतात, म्हणजे ते शिकायची संधी वाटतं की संकट, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, आणि स्वतःच्या बुद्धीबद्दल मुलांनी जे मत बनवलं ते त्यावरून. हे साहजिकच आहे. मतं डोक्यात राहतात, अपयशाला दिलेला प्रतिसाद चेहऱ्यावर येतो. तुम्ही तोंडाने सोळा वर्षं "तू हुशार" म्हणालात आणि एका रविवारी घराने न बोलता सांगितलं की ६१ म्हणजे सुतक. तिने दुसरं ऐकलं.

यात तुम्हाला दोष देत नाही. बाबांच्या रागामागे आणि तुमच्या रडण्यामागे एकच भीती आहे, की हिचं पुढे कसं होणार. पण ती भीती आता तिला सांभाळावी लागते आहे. "होईल गं, जमवते मी" म्हणणं हा तुम्हाला सांभाळण्याचाच एक प्रकार आहे.

बरं, मग करायचं काय? आत्मविश्वास आधी आणि मार्क मागून, असं तुम्ही धरून चालला आहात. क्रम बहुतेक उलटा असतो. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये "मला हे जमेल" ही भावना कुठून येते याचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमताना बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था, म्हणजे झोप, धडधड, थकवा. यात सगळ्यात मोठा झरा पहिला. तुम्ही सगळी भिस्त तिसऱ्यावर ठेवली आहे, आणि तो एकटा फार पुरत नाही.

पहिला झरा तुम्ही अनवधानाने बंद केलात. तबला.

ही माझी पत्राबाबतची मुख्य तक्रार समजा. जी मुलगी इतकी वर्षं तबला शिकली तिला चुकीशी कसं वागायचं हे आधीच येतं. कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, वाजवताना दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, तिरकिट अडखळलं तर गुरुजी "तुझ्यात तबला नाही" म्हणत नाहीत. लय उतरवतात. अडखळणारे चार बोल बाहेर काढतात, ठाय लयीत पन्नासदा वाजवून घेतात, मग पुन्हा कायद्यात बसवतात, मग हळूहळू लय चढवतात. (नाना पानसे यांच्या पखवाजाने गाजलेल्या गावात हे सांगायची गरज नसावी.) ती रडत नाही, तिचं पोट दुखत नाही, कारण तिथे चुकणं म्हणजे कुठे रियाज करायचा त्याचा पत्ता. फिजिक्समध्ये तिला कुणी लय उतरवू दिलेली नाही. तिथे सगळं पहिल्या दिवसापासून चौगुनीत.

तेव्हा फिजिक्सचा रियाज असाच मांडा. आधी तिच्याशी बोला, पण अभ्यासावर नाही. समोरासमोर बसून "आपल्याला बोलायचंय" नको. स्कूटरवर कोचिंगला सोडताना बरं, दोघींची नजर रस्त्यावर असते. इतकंच म्हणा: "त्या रविवारी तुझ्या मार्कांचं दुःख मीच करत बसले. नाटकही बुडवलं. ते चुकलं माझं." आणि थांबा. पुढे "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. ती "हं" म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. चालेल. पहिला आठवडा यापलीकडे काही करू नका.

दुसऱ्या आठवड्यात, ती तयार असेल तर, पेपर उघडायचा. दीड तास पुरतो, जेवणानंतर नको, शनिवारी सकाळी बरं. ७५ प्रश्नांच्या चार याद्या: बरोबर आले ते, येत होतं पण हिशेबात किंवा वाचण्यात चुकलं ते, अर्ध्यापर्यंत येत होतं ते, आणि ओ की ठो कळलं नाही ते. अंदाजाने मारलेल्या प्रश्नांवर खूण करायची, बरोबर आला असला तरी. याद्या तिने करायच्या, पेन तिच्या हातात. तुम्ही चहा करा. शेवटच्या यादीला हात लावायचा नाही. लोक इथेच चुकतात, सगळ्यात कठीण जागेपासून सुरू करतात आणि तिसऱ्या दिवशी वही बंद होते. सुरुवात तिसऱ्या यादीतून, "अर्धं येतं" मधून, एकाच धड्याची. रोज २५ मिनिटं, आठ ते दहा प्रश्न, आणि ते असे निवडायचे की दहातले सहा-सात सुटतील. दहाच्या दहा सुटले तर सोपे आहेत, तीनच सुटले तर लय अजून उतरवा, त्या धड्याच्या एनसीईआरटीतल्या सोडवलेल्या उदाहरणांवर या. सोडवलेलं उदाहरण वाचायचं नाही. उत्तर झाकून स्वतः करायचं आणि मग उघडून ताडायचं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं की येतं असं वाटतं, आठवड्याने हात रिकामे असतात.

तीन-चार आठवड्यांनी त्याच धड्याचे जुने चुकलेले प्रश्न पुन्हा. ते सुटले की तुम्ही काही बोलायची गरज नाही, तिला दिसेल. एकूण मार्क त्या टेस्टला वाढतीलच असं नाही. एका धड्याचे दोन-तीन प्रश्न येणार, म्हणजे फार तर १२ मार्क. म्हणून एकूण आकड्याऐवजी त्या धड्याचे प्रश्न किती बरोबर आले तेवढंच मोजा. हे घरातल्या तिघांनी, आजी धरून चौघांनी, आधीच ठरवून ठेवा.

मध्ये एकदा ती तुमची परीक्षा घेईल. वाईट मार्क मुद्दाम पुढे टाकेल आणि तुमच्याकडे बघेल. चेहरा कोरा ठेवायची कसरत करू नका, ती पकडेल. वाईट वाटलं तर वाटलं म्हणा, आणि लगेच विचारा, "यात अंदाजाने किती मारलेस?" रँकलिस्टचा ग्रुप म्यूट करा, आणि कोचिंगला सांगा की रँक नको, धड्यानुसार अहवाल द्या.

बाबांसाठी दोन गोष्टी. फीबद्दल एकदा सरळ बोलावं: "ते पैसे आम्ही ठरवून भरले, ते तुझ्या डोक्यावर नाहीत." आणि कधी तरी जेवताना स्वतःचं एखादं फसलेलं काम सांगावं, बुडालेला पेपर, हुकलेली नोकरी. "मग मी जिद्दीने उठलो" हा शेवट न जोडता. आजीच्या "कायम पहिले"वर तेवढाच उतारा आहे.

फोनबद्दल बाबा अर्धे बरोबर आहेत. नियम हवेत. ज्या घरात अपेक्षा आणि माया दोन्ही ठाम असतात तिथली मुलं बेबंद घरांतल्यापेक्षा बरी उभी राहतात, हे डायना बॉमरिंड यांच्या १९६०च्या दशकातल्या कामापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण काढून घेणं ही शिक्षा झाली. नियम म्हणजे रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन, बाबांचाही, हॉलमध्ये चार्जिंगला. कारण सांगा: या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे अकराला झोप न येणं हा नुसता हट्ट नसतो. सहा तास झोपून टेस्टला बसलेली मुलगी बँडुरांच्या चौथ्या झऱ्यातच कोरडी असते. वेळ कोणती, हे तिच्याशी घासाघीस करून ठरवा. अकरावर तडजोड झाली तरी चालेल.

कोचिंग सोडायचं का? आज नको, आणि कायमचं "सोडायचं नाही" असंही नको. एक तारीख ठरवा, सहामाही संपल्यानंतरची, आणि त्या दिवशी तिने निर्णय घ्यायचा, तुम्ही माहिती पुरवायची. जेईई मेन वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. ती अकरावीत आहे, अजून वेळ आहे. आयआयटी झाली नाही तर सगळं संपलं हा समज घरात असेल तर तो काढा: इंदूरच्याच एसजीएसआयटीएस या इंजिनीअरिंग कॉलेजला प्रवेश जेईई मेनच्या रँकवर राज्याच्या काउन्सेलिंगमधूनच होतो. आणि सायन्सच नको असं ठरलं, तर इंदूरच्या आयआयएममध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स २०११ पासून आहे, त्याला सायन्सची अट नाही. हे सगळं तिला पटवण्यासाठी नाही. दार उघडं आहे हे दिसलं की खोलीत बसणं सोपं जातं, म्हणून.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस ती उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, मैत्रिणींपासून तुटली असेल, किंवा "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. "जीव नकोसा वाटतो का?" असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे. टेस्टच्या सकाळची पोटदुखी पुन्हा झाली तर एकदा साध्या डॉक्टरांनाही दाखवा, पोटाचं काही नाही ना ते कळेल.

तबला आठवड्यातून दोन तास परत सुरू करा, म्हणजे तिला विचारा, करायचा का. सानंदच्या पुढच्या नाटकाची तारीख टेस्टच्या रविवारी पडत असेल तर तिकिटं काढा, निकाल काहीही लागो.

गणपतीच्या मंडळाला मात्र तुम्ही फोन करू नका. "मी तुला न विचारता नाही म्हणाले, ते बरं केलं नाही" एवढं तिला सांगा आणि नंबर द्या. वाजवायचं असेल तर ती करेल फोन. नसेल वाजवायचं तर तेही तीच कळवेल.